अंगणातली कोंबडी: खुडूक, उबवण आणि पिल्लं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा मुंबईत कोंबडी अंड्यांवर बसवण्याचा खरा काळ. पावसाची ओल गेलेली असते आणि एप्रिल-मेचा उकाडा अजून लांब असतो. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं याच विषयावर आहेत, म्हणून हा पूर्ण अंक त्यांनाच दिला आहे. मी मनोरीत राहते. कोंबड्या पाळायला सासूबाईंकडून शिकले आणि रोगराईचं पशुवैद्यांकडून. एक गोष्ट आधीच सांगते. पिल्लं मेली की लोक म्हणतात, ‘कोंबडी आई म्हणून चांगली नाही.’ मला हे ऐकवत नाही. आई बहुतेक वेळा चांगलीच असते, आपण तिला दिलेली जागा वाईट असते.

प्रश्न: ताई, आमच्याकडे चार गावठी कोंबड्या आहेत, कोंबडा नाही. त्यातली एक गेले काही दिवस पडवीतल्या जुन्या जाळ्यांच्या ढिगात बसून आहे. हात लावला की फुलते, चोच मारते, ‘क्लक क्लक’ करते. तिला अंडी द्यावीत का? कुठून आणावीत, किती ठेवावीत? — एक गृहिणी, गोराई

उत्तर: तुमची कोंबडी खुडूक आहे, म्हणजे तिला अंडी उबवायची ओढ लागली आहे. तरी एक खात्री करून घ्या: ती रात्रीही तिथेच बसते का? दिवसा बसून संध्याकाळी इतरांबरोबर खुराड्यात जात असेल तर अजून तिचं नक्की नाही. दोन-तीन रात्री तिने जागा सोडली नाही, तर मात्र ती २१ दिवस बसेल असं समजायला हरकत नाही.

जाळ्यांच्या ढिगात तिला ठेवू नका. पिल्लांचे पाय नायलॉनच्या धाग्यात अडकतात आणि गुंतलेला पाय काही तासांत काळा पडतो. बांबूची रुंद, उथळ टोपली घ्या. तळाला चाळलेली कोरडी माती किंवा वाळू, मधे थोडा खोलगा, त्यावर भाताचा पेंढा. पेंढ्यात सुकलेला कडुनिंबाचा पाला आणि चुलीची राख मिसळा. बसलेल्या कोंबडीला उवा आणि पिसवा फार लागतात. रात्री असह्य झालं की ती अंडी सोडून उठते आणि दोष तिच्या माथी येतो. टोपली ठेवायला अंधारी, वारा लागेल अशी, इतर कोंबड्या पोचणार नाहीत अशी जागा बघा. कोंबडीला हलवायचं ते रात्रीच. आधी एक-दोन साधी अंडी ठेवून तिला टोपलीत बसवा, वर डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली, झाकून ठेवा. एक पूर्ण दिवस ती शांत बसली की दुसऱ्या रात्री ती अंडी काढून खरी अंडी सरकवा.

कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते, पण त्यांतून पिल्लू निघत नाही. दुकानातली पांढरी अंडी लेअर फार्मची, म्हणजे फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांची असतात, तिथेही कोंबडा नसतो. तेव्हा ज्यांच्या कळपात कोंबडा आहे अशा शेजाऱ्यांकडून अंडी घ्या. मागताना ती कधीची आहेत ते स्पष्ट विचारा. थंड हवेच्या गावात आठवड्याची अंडी चालतात. आपल्याकडे घरात ३० अंश असतात, तेवढ्या उबेत अंड्यातलं बीज अर्धवट वाढायला लागतं आणि मग मरतं. म्हणून चार-पाच दिवसांपेक्षा जुनी अंडी नकोत. साठवायची असतील तर माठाशेजारी, गार कोपऱ्यात, टोकाची बाजू खाली करून ठेवा. फ्रिजमध्ये नको. अंडी धुवायचीही नाहीत, कवचावरचं संरक्षक आवरण निघून जातं. लांबून, बोटीने किंवा लोकलने आणली असतील तर कोंबडीखाली घालण्याआधी एक रात्र तशीच स्थिर राहू द्या.

किती? सव्वा-दीड किलोच्या गावठी कोंबडीला १० ते १२ पुरेत. पहिल्यांदा बसत असेल तर आठच द्या. हव्यासाने पंधरा घातली की रोज वेगवेगळी दोन-तीन अंडी पंखाबाहेर राहतात. आज हे गार, उद्या ते गार, असं होत शेवटी निम्मीसुद्धा फुटत नाहीत. सगळी अंडी एकाच रात्री घाला, म्हणजे पिल्लं एकदमच निघतील. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने गोल खूण करा. दुसरी कोंबडी मधेच येऊन अंडं घालून गेली तर बिनखुणेचं लगेच ओळखून काढता येतं.

सातव्या रात्री अंडी तपासा. पुठ्ठ्याला छोटं भोक पाडून त्यामागे मोबाइलचा टॉर्च धरला की झालं. आत लाल शिरांचं जाळं आणि मधे गडद ठिपका दिसला तर पिल्लू वाढतं आहे. अंडं आरपार स्वच्छ दिसलं तर ते फळलेलं नाही, काढून टाका. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही, कोंबडीला उठवायचं नाही. कवचाला पहिली चीर गेल्यापासून पिल्लू बाहेर यायला पूर्ण दिवस लागू शकतो. त्या वेळात घरातल्या सगळ्यांचे हात शिवशिवतात. नका सोलू कवच. आतल्या पापुद्र्यातलं रक्त अजून पिल्लाच्या अंगात जायचं असतं आणि पिवळा बलक पोटात ओढला जायचा असतो. तोच बलक त्याला पहिले दोन दिवस पुरतो, म्हणून लगेच दाणापाणी मिळालं नाही तरी पिल्लं उपाशी मरत नाहीत. कोंबडी उशिराच्या अंड्यांसाठी निवांत बसून राहू शकते ती यामुळेच.

प्रश्न: मावशी, आमची कोंबडी काहीच खात नाही. मी तिला उचलून दाण्यांजवळ ठेवते तर ती पळत परत जाते. ती आजारी पडेल का? — सातवीतली विद्यार्थिनी, मढ

उत्तर: बाळा, तिला उचलू नकोस. ती आजारी नाही. अंड्यांवर बसायची वेळ आली की तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. त्यामुळे भूक कमी होते, अंडी घालणं थांबतं आणि बसून राहावंसं वाटतं. ती दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं, स्वतःहून उठते. पटापट दाणे टिपते, पाणी पिते, एकच मोठी आणि खूप वास येणारी शी करते, धुळीत लोळते आणि परत जाते. तेवढ्यात अंडी गार होत नाहीत, काळजी करू नकोस. तुझं काम एवढंच: टोपलीपासून चार पावलांवर मका-ज्वारी आणि स्वच्छ पाणी तयार ठेवायचं, आणि त्या वेळी कुत्र्याला लांब धरायचं. ती बारीक होईल, पण पिल्लं झाल्यावर भरून येईल.

तिच्या पोटाखाली बघितलंस तर पिसं गळून कातडी उघडी पडलेली दिसेल. अंड्यांना थेट अंगाची ऊब मिळावी म्हणून तसं होतं. चोचीने ती अंडी दिवसभर फिरवत असते, म्हणजे आतलं पिल्लू एका बाजूला चिकटत नाही. आणि एक गंमत ऐक. शेवटच्या एक-दोन दिवसांत संध्याकाळी टोपलीजवळ अगदी गप्प बस. कवच फुटायच्या आधीच पिल्लू आतून चिवचिवतं आणि कोंबडी त्याला हळू आवाजात उत्तर देते. बाहेर आल्यावर पिल्लू आईला ओळखतं ते या आवाजावरून. मला आजही ते ऐकायला मिळालं की त्या दिवशीची बाकीची कामं मागे पडतात.

प्रश्न: मुलांनी हट्ट केला म्हणून रस्त्यावरून रंगीत पिल्लं घेतली, गुलाबी आणि हिरवी. शेजारणीची कोंबडी खुडूक आहे. ती या पिल्लांना सांभाळेल का? — एक वाचक, वेसावे

उत्तर: आधी त्या पिल्लांबद्दल. ती बहुतेक लेअर हॅचरीतली नर पिल्लं असतात. ती अंडी देणार नाहीत आणि मांसासाठीही लवकर भरत नाहीत, म्हणून टाकाऊ ठरवून विकली जातात. रंगवण्यात, पेटीत कोंबून आणण्यात आणि उन्हात बसवण्यात त्यांचे हाल झालेले असतात. पुन्हा विकत घेऊ नका, मुलांनाही कारण सांगा. मुलांना ते समजतं. आता घरात आलेली मात्र वाचवूया.

खुडूक कोंबडी परकी पिल्लं घेते, पण दोन गोष्टी जुळाव्या लागतात. ती निदान दोन आठवडे अंड्यांवर बसलेली असावी आणि पिल्लं एक-दोन दिवसांचीच असावीत. पिल्लू चार-पाच दिवसांचं झालं की ते तिच्या हाकेला येत नाही. रात्री पूर्ण अंधार झाल्यावर तिच्या खालचं एकेक अंडं काढा आणि त्या जागी एकेक पिल्लू सरकवा. दिवा लावू नका, बोलू नका. पहाटे उजाडायच्या आत तुम्ही तिथे हजर असलंच पाहिजे. तिने पंख पसरून ‘कुटकुट’ केलं तर काम झालं. पिल्लाच्या डोक्यावर जोरात चोच मारली, तर त्याच क्षणी सगळी उचला, दुसरी संधी देऊ नका. रंगामुळे ती सहसा बिचकत नाही. तिच्या खाली तिची स्वतःची अंडी वाढत असतील तर मात्र हा प्रयोग करू नका. पिल्लं मिळाली की ती अंडी सोडेल.

तिने नाकारलं तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, एका कोपऱ्यावर ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब टांगा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा. बल्बखाली गर्दी करून ओरडत असतील तर गारठली आहेत. भिंतीला लागून चोच उघडून धापा टाकत असतील तर तापली आहेत. मुंबईत ऑक्टोबरच्या दुपारी बल्ब बंदच ठेवावा लागतो. थंडीपेक्षा उकाड्यानेच इथे जास्त पिल्लं जातात.

प्रश्न: नऊ पिल्लं निघाली होती, आता तीन राहिली. दोन घारीने नेली, बाकीची रात्री खुराड्यातून गेली. जाळी लावलेली आहे. कोंबडी बावळट आहे का? — एक वाचक, आरे कॉलनीतला पाडा

उत्तर: कोंबडी बावळट नाही. रात्री अंधारात ती जवळजवळ आंधळी असते, तिने काय करावं? तुमची जाळी षटकोनी भोकांची असणार. ती जाळी कोंबड्यांना आत ठेवायला असते, बाहेरच्याला अडवायला नाही. तिच्या भोकातून घूस हात घालून पिल्लू ओढते, धामण आरामात आत येते आणि मुंगूस तर ती तार दातांनी वाकवतं. खुराड्याला खालून दोन-अडीच फुटांपर्यंत अर्ध्या इंच भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारांचे जोड पक्के चिकटवलेली ताठ जाळी लावा. जमीन मातीची असेल तर घूस खालून पोखरून येते, म्हणून तळाला शहाबादी फरशी घाला किंवा तीच जाळी जमिनीत फूटभर गाडा. दाराची कडी साधी नको, फिरवून अडकवायची घ्या. दार आणि चौकटीमधे बोट जाईल एवढी फट राहू देऊ नका. बोट जातं तिथे छोटा साप जातो.

दिवसाचा शत्रू घार आणि कावळा. आपल्या शहरात कचरा भरपूर, त्यामुळे दोघेही भरपूर. पिल्लं पहिले तीन आठवडे उघड्यावर सोडायची नाहीत. आपल्या जुन्या लोकांची पद्धत यात फार शहाणपणाची होती: कोंबडीला डालग्याखाली ठेवायचं आणि पिल्लांना बांबूच्या फटींतून आत-बाहेर करू द्यायचं. आई फिरत नाही, म्हणून पिल्लं लांब जात नाहीत, आणि सावली दिसली की आईची एक हाक आणि सगळी आत. तुमच्याकडे थोडं मोकळं अंगण असेल तर कोळीवाड्यातून फाटकी मासळीची जाळी आणा. ती डोक्याच्या वर ताणून छतासारखी बांधा, घार खाली झेपावत नाही. मात्र जाळी जमिनीवर लोंबू देऊ नका, पिल्लं आणि साप दोन्ही अडकतात.

धामण दिसली तर मारू नका. कायद्याने संरक्षित आहे, शिवाय तुमच्या घुशी तीच खाते. सर्पमित्राला बोलवा. आणि तुम्ही आरेत राहता, तेव्हा बिबट्याचंही ध्यानात ठेवा. रात्री कोंबड्या लांबच्या गोठ्याशी किंवा झाडावर बसू देऊ नका. खुराडं घराच्या भिंतीला लागून, दिव्याच्या उजेडात, पक्क्या दाराचं हवं. मेलेली पिल्लं आणि उष्टं पाड्याच्या कडेला टाकलं की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. हा धोका कोंबड्यांचाच नाही, तुमच्या मुलांचा आहे.

प्रश्न: पावसाळ्यात काढलेली पिल्लं महिन्याची होऊन मरतात. पंख पाडून कोपऱ्यात बसतात, विष्ठा लाल होते. मागच्या वर्षी मोठ्या कोंबड्या मान वाकडी करून मेल्या. औषध सांगा. — एक वाचक, कुलवेम

उत्तर: हे दोन वेगळे आजार आहेत. लाल विष्ठा म्हणजे रक्ती हगवण, कॉक्सिडियोसिस. तिचे सूक्ष्मजीव खुराड्यात अंथरलेल्या ओल्या तुसात वाढतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना ती जास्त होते आणि जून ते सप्टेंबर आपल्या खाडीकाठी सगळंच ओलं असतं. औषध आहे, पशुवैद्य अँप्रोलियम पाण्यातून द्यायला सांगतात. मात्रा त्यांच्याकडूनच घ्या. पण तूस ओलं राहिलं तर औषध थांबताच आजार परत येतो. तूस रोज वरखाली करा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर ते बदला. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे सांडणार नाही, आणि त्यात चार गोटे टाका म्हणजे लहान पिल्लू बुडणार नाही.

वाकडी मान, हिरवी हगवण, एकामागोमाग मरण, ही सगळी मानमोडीची लक्षणं दिसतात. मानमोडी म्हणजे राणीखेत. तिला औषध नाही, फक्त लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आरटूबी या लसीची सुई. आईबरोबर वाढणाऱ्या पिल्लांनाही हे लागतंच. ‘गावठी आहेत, काही होत नाही’ या समजुतीने अख्खे कळप गेलेले मी पाहिले आहेत. अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा जास्त मात्रांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. पाच पिल्लांसाठी कोण आणणार? यावर उपाय एकच: गावात एक दिवस ठरवा. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्या सगळ्यांनी पैसे काढून थर्मासमधून एक बाटली आणायची आणि संध्याकाळी घरोघर थेंब घालायचे. आमच्याकडे बायका हे करतात आणि त्यात गप्पाही होतात. देवीची लसही सहा-सात आठवड्यांनी द्या. देवी डास पसरवतात आणि डास आपल्याकडे कमी नाहीत.

मेलेली कोंबडी खाडीत टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. अचानक बऱ्याच कोंबड्या मेल्या, किंवा आसपास कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, तर लपवू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या तेव्हा तो बर्ड फ्लू निघाला होता. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून या शहरात आहे. नेमकं कारण कळत नसेल तर तिथे विचारायला संकोच करू नका.

प्रश्न: पिल्लांना काय खायला घालू? आमच्याकडे सुकी मासळी भरपूर आहे. — एक वाचक, ट्रॉम्बे कोळीवाडा

उत्तर: पहिले सहा ते आठ आठवडे चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं. सोबत तांदळाची बारीक कणी आणि मिळाली तर वाळवी. जवळा धुऊन, पुन्हा वाळवून, कुटून चिमूटभर चालेल. खारवलेली मासळी अजिबात नको, मीठ पिल्लांना मारतं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लेअर खाद्यही पिल्लांना नको, त्यातल्या जास्त कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. आईने पिल्लांचं खाद्य खाल्लं तर बिघडत नाही, म्हणून डालग्यात एकच खाद्य ठेवा.

प्रश्न: आमची कोंबडी सारखी खुडूक बसते. सासूबाई तिला पाण्यात बुडवायला सांगतात, कोणी नाकात पीस खुपसायला सांगतं. आणि ढगांच्या गडगडाटाने अंडी मरतात, म्हणून टोपलीत खिळा ठेवतात, हे खरं का? — एक गृहिणी, एरंगळ

उत्तर: बुडवू नका, पीस तर मुळीच खुपसू नका. सासूबाईंना दुखवायचंही नाही. त्यांना सांगा की याहून लवकर गुण येणारा उपाय मिळाला आहे. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तिला तीन-चार दिवस ठेवा. पेंढा नाही, अंधार नाही, खालून वारा लागला पाहिजे. दाणापाणी मात्र भरपूर द्या. पोट गार राहिलं की खुडूक मोडते आणि एक-दोन आठवड्यांत ती पुन्हा अंडी द्यायला लागते.

गडगडाटाने अंडी मरत नाहीत. वादळी रात्री कोंबडी घाबरून उठते, टोपलीत पाणी शिरतं, अंडी भिजून गार पडतात, तेव्हा मरतात. खिळा ठेवायचा तर ठेवा, पण आधी छपराची गळती काढा.

प्रश्न: मी वनराज कोंबड्या आणल्या. वर्ष झालं, एकही खुडूक बसली नाही. — एक वाचक, चारकोप

उत्तर: बसणार नाही. वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली जात आहे. अशा सुधारित जातींत जास्त अंड्यांसाठी निवड करताना खुडूकपणा जवळजवळ नाहीसा होतो. खुडूक बसलेल्या दिवसांत कोंबडी अंडी देत नाही, म्हणून तो नको असतो. तुम्ही एक गावठी कोंबडी पाळा, शक्यतो आधी पिल्लं वाढवलेली, मध्यम वजनाची. तिच्याखाली वनराजची अंडी आठच ठेवा, ती आकाराने मोठी असतात. कळपात वनराज कोंबडा असला तरच ती फळलेली असतील, हेही तपासा. पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की ती त्यांना स्वतःच चोचीने दूर करते. तेव्हा त्यांना वेगळं खुराडं तयार हवं, ते आत्ताच बांधायला घ्या.